फुटाणी आणि नानांची वाळू

शेंगा भाजल्या की टरफलं साचतात. कितीही झाडा, संध्याकाळी चार तरी पायाला चिकटून घरी येतातच. आमच्या भट्टीवरच्या किश्श्यांचंही तसंच आहे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. नववीत शाळा सुटली, पण त्याआधीही गुरुजींनी उभं केलं की तोंडाला कुलूप! फुटाणीचे किस्से मात्र इतके साचलेत की कुठंतरी झाडून टाकावेच लागतील. म्हणून लिहितोय.

आमची भट्टी लोहाऱ्यात, जीपा थांबतात तिथून हाकेच्या अंतरावर. माणसं तीन. नाना मालक. शमशादचाची निवडणं, पाखडणं आणि पुड्या बांधणं बघतात. आणि मी, विष्णू. जाळ, चाळण आणि पडेल ते काम माझं. काकू, म्हणजे नानांची बायको, अधूनमधून येतात आणि आम्हा तिघांनाही रागावून जातात.

फुटाणे, शेंगदाणे, लाह्या, सगळं आम्ही तापलेल्या वाळूत भाजतो. नाना कढईवर उलटा हात धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "टाक!" हेच आमचं थर्मामीटर. ती वाळू वापरून वापरून रव्यासारखी मऊ झालेली असते. नाना म्हणतात, "भट्टी कुणीबी बांधंल, वाळू मुरवायला जिंदगी जाते."

आता ही वाळू बघून एखाद्या मांजराला काय वाटेल, ते तुम्हीच सांगा.

* * *

पावसाळ्याच्या सुरुवातीला जीपवाल्या बब्रूनं जीपमधून हरभऱ्याची पोती उतरवली. शेवटचं पोतं ओढलं तर मागून एक पिल्लू निघालं. मुठीएवढं, रंग थेट भाजलेल्या फुटाण्याचा, म्हणून पुढं नाव पडलं फुटाणी.

नाना म्हणाले, "बब्रू, म्या हरभरा सांगितला हुता. हे कशावर फ्री दिलंस?"

बब्रू म्हणाला, "न्हाय ओ नाना! कुठल्या गावाला चढलं, मलाच न्हाय म्हाईत. तिकीटबी काढलं न्हाय."

चाची म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की नाना, बच्चा हाय. उंदरं लई झालीत."

नानांनी पिल्लाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पिल्लू तोवर माझ्या शर्टात होतं.

"ऱ्हाऊ दे. पण माझ्या वाळूत पाय टाकला तर गेली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, फुटाणीनं वाळूत नुसता पाय टाकला नव्हता.

* * *

ती सगळी वाळू फेकावी लागली. नवी आणायची, गढूळपणा जाईपर्यंत धुवायची, वाळवायची, चाळायची. हे सगळं अर्थातच मी केलं. संध्याकाळी नाना म्हणाले, "नागपंचमीची गर्दी उरकू दे. तवर शिकली तर शिकली. न्हायतर पंचमीनंतरच्या बाजारी बब्रूच्या जीपमधनं आली तशी जाईल."

बब्रू लगेच म्हणाला, "सोडतो की कुठंतरी फाट्यावर."

फाट्यावर! तिथं मोठी माणसं चुकतात. ही एवढीशी पोर कुठं जाईल?

मी तेलाचा रिकामा डबा आडवा कापला. कडा ठोकून बोथट केल्या. ओढ्याची स्वच्छ वाळू भरली आणि भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला. फुटाणीनं वास घेतला, एक पाय आत घातला, झटकला, आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी चुकीचं बोललोय. मग ती चालत चालत गल्ल्यामागं गेली आणि नानांच्या गादीवर काम उरकलं.

नाना चहा पिऊन परत आले. गादी बघितली, डबा बघितला.

"व्हय रं विष्ण्या, माझ्या गादीवर ती बसणार. मग म्या त्या डब्यात बसू का?"

* * *

पावसाची ओली हवा, वाळू नको असेल तर राख घालून बघावी म्हटलं. राखेला आमच्याकडं काय तोटा! डब्यात राख भरली. फुटाणी उडी मारून आत गेली, मनसोक्त लोळली आणि तशीच बाहेर आली. बाहेर दोरीखाली नानांचं धुतलेलं धोतर पडलं होतं. त्या धोतरावरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात चालत गेली.

काकू डोक्याला हात लावतील असं वाटलं. त्या उलट खूश!

"आवं बघा तरी, लक्ष्मीची पावलं उमटलीत!"

नाना म्हणाले, "लक्ष्मीला म्हणावं, पुढच्या टायमाला धोतरावरनं नगं, गल्ल्याकडनं ये."

आणि डब्यातली राख कोरडीच!

* * *

चाचींना वाटलं, पिल्लाच्या पोटातच काही बिघाड असेल. "डॉक्टरला दिखा बेटा. शरमू नको." मग पिशवीत फुटाणी घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. पुढं म्हशी, मागं गाई, मध्ये एक बोकड. माझ्या पिशवीतून बारीक आवाज यायचा आणि सगळे माझ्याकडं बघायचे. मी छताकडं बघायचो.

नंबर आला. डॉक्टरसाहेब खाली मान घालून लिहीत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "दूध किती देते?"

खोटं तरी कसं बोलायचं?

"देत न्हाय साहेब. पिते."

साहेबांनी मान वर केली. मागं बोकडवाला हसून हसून खाली बसला. तपासून साहेब म्हणाले, "पोट ठणठणीत आहे. जागा आवडत नसेल. जागा बदलून बघ."

बोकडवाला म्हणाला, "जागा बदलायला तिला काय प्लॉट घ्यायचा का?"

* * *

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातली बाई सांगत होती, पिल्लाला खाणं झालं की डब्यात ठेवा आणि कौतुक करा. मोठ्यानं, मनापासून!

आता आली का पंचाईत? मी तर गिऱ्हाइकाला "सुट्टे द्या" म्हणतानाही चाचींच्या मागं उभा राहतो. पण फाटा डोळ्यांपुढं दिसत होता. मी फुटाणीला डब्यात ठेवलं, पोत्यांच्या आड उकिडवा बसलो आणि सुरू झालो.

"आहा गं माझी बाय! काय रुबाब! लोहाऱ्यात अशी शहाणी पोर न्हाय! जमतंय बरं का तुला! घाई नगं करू, आपल्याला कुठं जायचंय?"

बोलत राहिलो. खूप बोललो. उठलो तर दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं गप्प उभी. तहसील कचेरीतली एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. नानांच्या हातातली पुडी तशीच अर्धी.

नाना हळूच म्हणाले, "विष्ण्या, इतकी वर्षं भट्टीवर हाईस. माझ्याशी कधी एवढं बोलला न्हाईस रं."

फुटाणी कधीच डब्यातून निघून गेली होती. गादीवर!

* * *

पंचमीच्या आदल्या दिवशी लाह्यांची अशी गर्दी झाली की भट्टीला दिवसभर उसंत नव्हती. फुटाणीचा डबा लोकांच्या पायात येऊ लागला म्हणून मी तो उचलला आणि भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवला.

पंचमीला भट्टी बंद. त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, चिरत-कापत नाहीत आणि जमीन तर कुणीच उकरत नाही. नाना हिशेब लावत बसले होते. मी फुटाणीला दूध द्यायला आलो. दूध पिऊन ती डब्याकडं गेली. पाय आत घातला. झटकला नाही! दुसरा घातला. आणि पुढच्या दोन्ही पायांनी खसाखसा उकरायला लागली!

मी बघतच राहिलो. नानाही मान वळवून बघायला लागले. आता खड्डा झाला, ती वळली, शेपटी वर केली, आणि तेवढ्यात दारातून काकू लाह्यांचा प्रसाद घेऊन आत आल्या.

"अगं अगं अगं! आज उकरू नये! नागोबाला लागंल!"

असं म्हणून त्यांनी फुटाणीला अलगद उचललं आणि कुठं ठेवलं? गादीवर! थांबलेलं काम तिनं तिथं पूर्ण केलं.

नाना ओरडले, "अगं, जनावराला पंचमी कळती का?"

काकू म्हणाल्या, "भट्टीवर ऱ्हायचं तर कळाय पाहिजे!"

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. एवढ्या दिवसांनी जमत होतं! नाना गादी उचलून बाहेर टाकायला निघाले. जाताना डब्यापाशी थांबले. वाकले. वाळूवर उलटा हात धरला, डोळे मिटले. मग भट्टीच्या भिंतीला हात लावून बघितला. कालच्या लाह्यांची धग अजून तिथं होती.

* * *

बाजाराचा दिवस उजाडला. रात्रभर पाऊस होता. मी घरून एक पाटी घेतली, तिच्यात माझा जुना शर्ट अंथरला. जीपमध्ये फुटाणीला गार लागू नये म्हणून. बब्रूला काय सांगायचं ते वाटेत पाठ करत आलो. निदान कुणाच्या तरी वस्तीवर सोड, फाट्यावर नको. एवढं एक वाक्य. तेही तीनदा विसरलो.

बब्रू माझ्या आधीच आला होता. दाराशी जीप लावून आत बघत उभा होता.

मी त्याच्या मागून डोकावलो. भट्टी पेटलेली. मोठी कढई बाजूला आणि जाळावर कोपऱ्यात पडलेली ती जुनी, एका कानाची कढई. तिच्यात हरभरा नाही, शेंगदाणे नाहीत. नाना झाऱ्यानं सावकाश हलवत होते. मध्येच उतरवली, निवू दिली, उलटा हात धरला, डोळे मिटले. मग कढई डब्यात रिकामी केली. फुटाणी शेजारीच बसली होती. आत गेली, उकरलं, वळली, उरकलं, झाकलं आणि अंग चाटत बसली.

माझ्या हातातली पाटी बब्रूनं घेतली आणि मागं लपवली.

नानांनी आमच्याकडं बघितलंच नाही. कढईत दुसरा घाणा टाकला आणि परत हलवू लागले. तेवढ्यात तहसील कचेरीतली ती बाई पिशवी घेऊन आली. वाकून कढईत बघितलं.

"नाना, ह्यात तर काहीच न्हाय. सकाळी सकाळी नुसती वाळूच भाजताय व्हय?"

"व्हय," नाना म्हणाले. "एका गिऱ्हाइकाला अशीच लागते."