चुन्याचा पांढरा
माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनात चुका असतील, चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा ही वही कुणाच्या हाती लागली तर सांभाळून घ्यावं. आज शेजारी भिंतींना चुना देत होते, तो ओला वास आला आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबला. साक्रीजवळच्या अंगणवाडीत मी मदतनीस आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी एका परदेशी चित्रकाराचं नावाजलेलं चित्र भिंतीला लावलं होतं, निळं आभाळ आणि त्यात भोवऱ्यासारखे गरगरणारे तारे. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे त्यांनी वाटीत ढवळून दाखवलं. "बाई, पोपट निंघना," एक पोरगं बोललं, आणि वाटीतून पोपट निघाला म्हणून सगळी हसली. मुलं तसंच चित्र रंगवू लागली, पण ताऱ्यांसाठी पांढरा रंग उरला नव्हता. बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या, तेवढ्यात मी माझ्या चंचीतला तंबाखूचा चुना पाण्यात कालवून दिला. चार वर्षांची एक मुलगी बोटांनीच तारे काढत होती. तिने त्याच हाताने डोळा चोळला. "अक्का, डोयामा आग होस," म्हणाली. मी पदराने पुसलं. भरपूर पाण्याने धुवायचं असतं, हे धुळ्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिची आई दवाखान्यात एवढंच बोलली, "पोर तुमना भरवशावर सोडेल व्हती, अक्का." त्या डोळ्याने तिला दिसत नाही. ती आता चौथीत आहे. उपचाराचा खर्च तेव्हा बाईंनी भरला होता. मी मानधनातून दर महिन्याला त्यांना थोडे थोडे देत गेले, आणि गेल्या महिन्यात ते पैसे पुरते फिटले.