कानशीने घासलेले तीन आकडे

चाव्यावाले काका चोर सोडून सगळ्यांना चोर समजायचे. खऱ्या चोराबद्दल त्यांना थोडा आदरच होता, कारण त्याला निदान कुलपातलं काही कळतं, असं त्यांचं मत. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधे एक पातळ भिंत. त्यामुळे बावीस वर्षं त्यांच्या मशीनची किरकिर आणि काकूंचा आवाज मी फुकटात ऐकला.

काकू म्हणजे त्यांची बायको. काका चावी चिमट्यात धरून तिच्या दात्यांची खोली आकड्यांत सांगायचे आणि काकू ते आकडे वहीत उतरवायच्या. गिऱ्हाइकाची चावी हरवलीच, तर वहीवरून नवी पाडता यायची. आता चावी वाचायची ती मुठीकडून टोकाकडे. काका मात्र टोकाकडून मुठीकडे वाचायचे. वडिलांनी तसं शिकवलं, विषय संपला. काकू दर वेळी ओरडायच्या, "अहो, मुठीकडून सांगा!" काकांनी ऐकलं नाही तर स्वतःच उलटवून लिहायच्या. दिवसातून दहादा हा तमाशा. मला त्याचा वैताग यायचा, हे आता सांगताना लाज वाटते.

आठ महिन्यांपूर्वी काकूंच्या घशात गाठ निघाली. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. सुरुवातीला त्या पाटी घेऊन दुकानात बसायच्या. गिऱ्हाइकं पडली घाईची. काकूंचं लिहून होईपर्यंत लोक मान वळवून काकांशी बोलायला लागायचे. एके दिवशी त्यांनी पाटी खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून घरीच राहिल्या. काही दिवसांनी काका माझ्या काउंटरशी येऊन उभे राहिले.

"काल दिवसभरात तिनं एकदासुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही," ते म्हणाले. "पाहिलं तर बोलावंसं वाटेल ना."

मी कागदांचा गठ्ठा उगीचच सरळ करत बसले.

मग डॉक्टरांनी एका यंत्राचं सांगितलं. टॉर्चएवढं असतं, गळ्यावर टेकवून बटण दाबायचं, आणि ओठ हलवले की शब्द ऐकू येतात. कुठल्याच दुकानात ते मिळेना. ऑनलाइन एका ठिकाणी शेवटचा एक नग होता, पुढचा माल तीन महिन्यांनी. विक्रेत्याने फोनवर सांगितलं, "उद्या संध्याकाळी पाचपर्यंत थांबतो. त्यानंतर माझा नाइलाज आहे."

काका लगेच डेबिट कार्ड घेऊन माझ्याकडे आले. एटीएमबाहेर ते कार्ड त्यांनी कधी वापरलेलं नव्हतं. मी सगळी माहिती भरली आणि मागचे तीन आकडे बघायला कार्ड उलटं केलं. तिथे नुसता पांढरा चट्टा.

"काका, आकडे कुठायत?"

"घासले."

"घासले म्हणजे?"

"कानशीनं. कुलपाच्या बुडाशी चावीचा नंबर असतो. तो तसाच ठेवला तर कुणीही वाचून चावी पाडेल. म्हणून कुलूप विकण्याआधी मी तो घासून टाकतो. ह्यात काय वेगळं आहे?"

मी कपाळावर हात मारला. खरं तर त्यांचं अगदीच चूक नव्हतं. "पण आकडे डोक्यात आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत की. दोन, सात, चार."

मी दोन, सात, चार भरले. व्यवहार नाकारला. पुन्हा भरले. नाकारला. तिसऱ्यांदा नाकारला, तेव्हा कार्डच लॉक झालं. आम्ही दुकानं बंद करून तडक बँकेत गेलो.

बँकेतली बाई शांत स्वभावाची होती. तिने स्क्रीनवर बघून सांगितलं, "कार्डाचा ऑनलाइन वापर बंदच होता, काका. नवं कार्ड तसंच येतं, तो आपण सुरू करून घ्यायचा असतो. शिवाय खर्चाची मर्यादा कमी होती. वापर आता सुरू केला, मर्यादाही वाढवली. पण मागचे तीन आकडेसुद्धा चुकलेत. उद्या दुपारी तीनला कार्ड उघडेल. तेव्हा परत चुकलं तर ते कायमचं बंद होईल. नवीन यायला दहा दिवस."

"मग बरोबर आकडे तुम्हीच सांगा."

"ते आम्हालाही दिसत नाहीत."

"कुलूप चांगलं बनवलंय," काका एवढंच म्हणाले. चेहरा मात्र बघवत नव्हता. माझं कार्ड वापरलं असतं, पण माझ्या खात्यात तेवढे पैसे महिन्याच्या कुठल्याच तारखेला नसतात. काकांचे पैसे माझ्या खात्यात टाकावेत, तर बँकेतले पैशांचे व्यवहार त्या दिवसापुरते बंद झाले होते आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी.

दुसऱ्या दिवशी काका जेवायला घरी गेलेच नाहीत. तीन वाजता आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, आणि दारात काकू डबा घेऊन उभ्या. कित्येक आठवड्यांनी त्या दुकानाकडे फिरकल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, यंत्राचंही.

"दोन, सात, चारच आहे," काका हट्टाने म्हणाले. "हजारो चाव्या पाठ आहेत मला. तीन आकडे विसरेन होय?"

काकूंनी माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला. मग शेजारच्या दुकानात जाऊन एक चावी घेऊन आल्या. ती काकांच्या नाकासमोर धरली, टोकावर बोट ठेवलं, आणि जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. मग बोट मुठीवर ठेवलं. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेले ते शब्द मला दिसले.

काका पांढरेफटक पडले. "अगं... मी ते आकडे चावीसारखेच पाठ केले, टोकाकडून."

मी चार, सात, दोन भरले. काकांच्या फोनवर ओटीपी आला, तो भरला. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं. व्यवहार झाला. काकूंनी काकांकडे पाहिलं, चांगलं डोळ्यांत बघून, आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला.

यंत्र चार दिवसांनी आलं. ते शिकायला काकूंना आणखी काही आठवडे लागले. सराव घरी चालायचा, दार लावून. मग एका सकाळी त्या दुकानात येऊन आपल्या जुन्या स्टुलावर बसल्या. मी बघायला तिकडे गेले, तेव्हा त्यांनी गळ्यावर यंत्र टेकवलं. आवाज सपाट होता, एकसुरी. त्यात आमच्या काकूंचं काहीच नव्हतं, आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

"मुठीकडून सांगते," तो आवाज म्हणाला. "चार. सात. दोन."

"अगं हळू!" काका ओरडले आणि शटर ओढायला दाराकडे धावले. "बाहेर माणसं आहेत! कुणी ऐकलं म्हणजे?"

शटरला हात लावून ते तसेच थांबले. रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. मग हात खाली आला. ते परत येऊन काकूंच्या समोर बसले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"ऐकू देत," ते म्हणाले. "पुन्हा सांग."