सरूबाईचं चूलबंद आवतण

मेळ्याच्या दिवशी सकाळी सरूबाई तीनदा घराबाहेर आली आणि तीनदा गावाकडं बघून आत गेली. पांढरटाक्यात एकाही घरातून धूर निघत नव्हता. चौथ्यांदा बाहेर आली तेव्हा आठ वाजले होते, तरी तेच. 

धूर दिसावा असं तिला वाटत होतं आणि दिसू नये असंही वाटत होतं. असल्या माणसाला चैन कुठून पडणार?

दोन हजार तेराचा उन्हाळा होता तो. धारूरच्या डोंगराखालच्या या गावात विहिरींनी केव्हाच हात टेकले होते. दिवसाआड टँकर यायचा. गावच्या दूध सोसायटीनं जनावरांची छावणी लावली होती. अर्धा गाव दिवसभर छावणीत आणि पोरं उन्हात उंडारत, म्हणून सोसायटीचे चेअरमन माणिकराव यांनी ठरवलं की पोरांचा एक दिवस तरी गोड करायचा. शाळेच्या आवारात फुकट मेळा भरवायचा. धारूरचा इसाक हातानं फिरवायचा पाळणा आणणार, जादूवाला येणार, पोत्यातल्या शर्यती, आणि दुपारी भात, आमटी, शिरा. आईबापांनी यावं, बघावं, पोरांबरोबर हसावं. जेवण मात्र पोरांपुरतंच, अडीचशे ताटांचं.

आवतण द्यायचं काम सरूबाईकडं आलं, कारण गावातलं प्रत्येक पोर तिच्या हाताखालून गेलेलं. पंचवीस वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. त्याआधी बहात्तरच्या दुष्काळात, अकरा वर्षांची असताना, खडी फोडायला गेलेली. तिथं डोक्यावर पाटी आणि हातात सरकारनं वाटलेली सुकडी, एवढंच तिचं बालपण. लग्न होऊन ती या गावच्या बौद्धवाड्यात आली आणि आल्या वर्षीच तिला एक गोष्ट कळली. गावात लग्न असो की बारसं, त्यांच्या वाड्याला आवतण यायचं ते असं: "शेवटच्या पंगतीला या, ताटल्या घेऊन या." सरूबाई एकदाही गेली नाही. घरात मीठ-भाकरी खाल्ली, पण गेली नाही.

अशा बाईला माणिकरावांनी सांगितलं, "पोरं पाठवा म्हणावं, जेवायला फक्त पोरं."

पहिलंच दार चतुराबाई पाटलिणीचं. म्हातारी ओसरीवर शेंगा निवडत होती. सरूबाई अंगणात उभी राहिली, तोंड उघडलं, आणि अर्धं आवतण तिच्या जिभेवरून उतरेना. फक्त पोरं जेवतील, तुम्ही नुसतं बघा, हे सांगणारी आपण व्हायचं? ती एकदम बोलून गेली.

"उद्या चूलबंद आवतण हाय पाटलीणबाई. सगळ्यायला."

चूलबंद आवतण म्हणजे घरातलं माणूस न् माणूस, आलेला पाहुणा, सालगडी, सगळ्यांना जेवायला बोलावणं. त्या दिवशी घरात जाळ करायचा नाही. आवतण घेऊन कुणी चूल पेटवली तर आवतण देणाऱ्याचं तोंड गावासमोर पडतं. आणि एका दारात चूलबंद सांगितल्यावर दुसऱ्या दारात कमी कसं सांगायचं? सरूबाईनं एकशेसाठ दारांत तेच सांगितलं. घरी येऊन भाकरीचा तुकडा मोडला तेव्हा तिला हिशेब सुचला. अडीचशे ताटं आणि आठशे माणसं. तुकडा तसाच राहिला.

आता सकाळी गावात धूर निघाला असता तर तिचा शब्द कुणी मानला नाही असं झालं असतं. पण निघाला नव्हता. सगळ्या गावानं, पाटलांच्या आळीनंसुद्धा, तिच्या शब्दावर चूल बंद ठेवली होती. तिची छाती भरून आली, आणि लगेच अडीचशे ताटं आठवली.

माणिकरावांच्याही ते ध्यानात आलं. ते मांडवातून तरातरा आले.

"सरूबाई, आज गावात जाळ न्हाई कावून?"

तिनं खरं सांगून टाकलं. माणिकरावांनी डोक्याला हात लावला.

"तुमी तर मला पार बुडवलं. जा, घरोघर जाऊन सांगा, चुकून बोलले म्हणून."

सरूबाई गेली. चतुराबाईच्या दारात पोचली तर आत चुलीतली राखसुद्धा काढून टाकलेली. म्हातारी नवी नऊवारी नेसून तयार बसली होती. नातवंडांनी सकाळपासून नुसती साखर चाटली होती. सरूबाई तशीच माघारी फिरली आणि आचाऱ्याला म्हणाली, "आमटी वाढवा."

आमटी वाढवली, शिऱ्यात रवा टाकला, सोसायटीच्या गोदामातून तांदळाचं पोतं आलं. पोरं पाळण्यावर किंचाळत होती. जादूवाल्यानं कुणाच्या तरी टोपीतून कबूतर काढलं. सरूबाईला यातलं काही दिसलं नाही. ती चुलवणापासून पंगतीपर्यंत आणि पंगतीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत नुसती येरझारा घालत होती. पोरांची पंगत उठली. बायांची बसली, उठली. गड्यांची बसली. तांदूळ उरला होता, पण पिंपाचा तळ दिसला. टँकर उद्या. पाण्याशिवाय भात शिजवायची जादू काही त्या जादूवाल्याकडं नव्हती.

शेवटी तीसेक माणसं रिकाम्या ताटांसमोर राहिली. त्यात चतुराबाई होती. नातवंडांना खाऊ घालता घालता म्हातारीचा नंबर मागं पडला होता. लोक आता कुजबुजू लागले. कुणीतरी म्हणालं, "झेपत न्हाई तर चूलबंद सांगावं कशाला?" ते सरूबाईच्या काळजात गेलं. तिला स्वतःचा राग आला, बोलणाऱ्याचा आला, आणि ज्यांनी तिला जन्मभर शेवटच्या पंगतीला बोलावलं त्या सगळ्यांचा आला.

ती चतुराबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"पाटलीणबाई, भात सरला. माज्या घरी पीठ हाय, दोन घागरी पाणी हाय. पण माजं घर..."

चतुराबाईनं तिच्याकडं बघितलं. मग काठी टेकून उठली.

"मग हितं उभी कावून? भूक लई लागली मला."

पाटलांच्या आळीतली म्हातारी भर दुपारी बौद्धवाड्याच्या वाटेनं निघाली. उरलेली माणसं एकमेकांकडं बघत राहिली. त्यातली काही उठली आणि मागून आली. काही मांडवातच बसून राहिली, तीही सरूबाईनं बघून ठेवली.

तिनं चूल पेटवली. उभ्या गावात तेवढा एकच धूर. काटवटीत पीठ मळलं. चतुराबाई बाहेर बसेल असं तिनं धरलं होतं, बाहेर पोतंही टाकलं होतं. म्हातारी पोतं ओलांडून आत आली आणि चुलीजवळ बसली. पहिली भाकरी, त्यावर लसणाचा ठेचा. म्हातारीनं घास घेतला, चावला.

"मीठ कमी हाय ग," ती म्हणाली.

सरूबाई उठायच्या आत म्हातारीनं फळीकडं हात लांबवला, मिठाची बरणी खाली घेतली, झाकण काढलं आणि चिमूट घेऊन ठेच्यात कालवली. पाटलांच्या आळीतल्या कुणी या घरातल्या कशाला आजवर हात लावला नव्हता. सरूबाई तिच्या बोटांकडं बघत राहिली, आणि तव्यावरची दुसरी भाकरी करपली.