व्याह्यांच्या मांडीतली सळी

अख्ख्या रायगड जिल्ह्यात आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस नसेल, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा व्हावा, याचा राग मला अजून आहे. रोह्याजवळच्या एका ओतशाळेत त्यांनी चाळीस वर्षं बीड ओतलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड हो, ज्याचे जडशीळ तवे होतात. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात धातू दोनच, एक बीड आणि बाकी सगळा पत्रा. त्यांच्या अष्टमी गावाहून पेणला आमच्याकडे आले की पाणी प्यायच्या आधी स्वयंपाकघरात शिरणार, माझी भांडी बोटाच्या पेरानं वाजवणार आणि नाक मुरडणार. नवी स्टीलची कढई मी कौतुकानं दाखवली तर म्हणाले, "विहीणबाई, झाकण ठेवा, नायतर उडून जाईल." एका साखरपुड्यात तर नवऱ्या मुलाची अंगठी हातावर तोलून "हलकी हाय" म्हणाले, तेही मुलीच्या बापासमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असा हा माणूस मोरीत घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. डॉक्टरांनी हाडात घालायची टायटॅनियमची सळी दाखवली. व्याह्यांनी पडल्यापडल्या ती हातावर तोलली आणि परत दिली. असल्या हलक्या वस्तूवर आपण उभे राहणार नाही म्हणाले. तीन दिवस ऑपरेशनच्या कागदावर सही करीनात. असेच पडून राहिलात तर पुन्हा चालणं व्हायचं नाही, हे सांगून डॉक्टर थकले. फोनवर लेक रडायला लागली तशी मी एसटीत बसले. वडखळ मागे पडेपर्यंत त्यांना काय काय सुनावायचं ते तोंडपाठ झालं होतं.

पण दवाखान्यात गेल्यावर आधी एवढंच विचारलं, "बिडाची सळी घातली तर चालेल का तुम्हाला?"

माणूस हट्टी, पण धंद्याबद्दल खोटं बोलायचा नाही. छताकडे बघत म्हणाले, "गंजेल ती. वजन पेलेल, पण ठेच लागली तर कडकन तुटेल. बीड वाकत नाय."

"आणि ही?"

"ही जराशी वाकेल, परत सरळ होईल. मिठागरात पुरली तरी गंजायची नाय. पहिल्याच दिवशी विचारून घेतलंय मी डॉक्टरांना."

आता मात्र माझं डोकं फिरलं. सगळं कळतंय, मग माझ्या पोरीला तीन दिवस का रडवलंत, म्हटलं.

त्यांनी पायावरची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं ओतलं, विहीणबाई. त्यातलं वीतभरसुद्धा माझ्या कामाचं नाय."

वाटेत पाठ केलेलं सगळं मी तिथंच सोडलं. मी कागद धरला, त्यांनी सही केली.

आता काठी टेकत कुंडलिकेच्या पुलापर्यंत जातात. परवा मी सोबत होते. सळी टोचते का, विचारलं.

"काहीच वाटत नाय," म्हणाले. "आत काही हाय, हेच कळत नाय."

म्हटलं, मग चांगलंच आहे की.

"व्हय, चांगलंच," म्हणाले, आणि कठड्याला हात टेकून पाण्याकडे बघत राहिले.