रिठदहून दिसलेला नवा तारा

अकोल्याहून वाशीमला जाणारी मोटार सध्या कोळशावर चालते. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मागे शेगडीसारखे एक पिंप बसवले आहे. चढ आला की मोटार थांबते आणि उतारू ती ढकलतात. मी अमरावतीला चित्रकला शिकवतो, ढकलण्याचा मला सराव नाही. भाऊबीजेच्या दुपारी वाशीमला उतरलो तेव्हा धोतर काळे झाले होते, गांधी टोपी मात्र पांढरीच राहिली होती. ती पुढे नडली.

मेहुणे गोविंदराव दमणी (बैलांची हलकी गाडी) घेऊन आले होते. रिठदपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. बहिणीने ओवाळले आणि वांग्याच्या भाजीबरोबर रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) वाढले. मी नको म्हणेपर्यंत वाढले आणि नको म्हटल्यावरही वाढले.

शोध लागण्याचे कारण शास्त्रीय नाही. रोडगे पचले नाहीत आणि पहाटे मला तांब्या घेऊन शेताकडे जावे लागले. दक्षिणेला व्याध होता, त्याखाली अगस्ती. कित्येक वर्षे मी ही जोडी पाहत आलो आहे. त्या दिवशी त्यांच्या डावीकडे तिसरा तारा होता, अगस्तीहून थोडाच मंद. ग्रह त्या बाजूला कधी जात नाहीत. मी आलो कशासाठी होतो तेच विसरलो.

गोविंदरावांना उठवून आणले.

"हाय ना तारा," ते म्हणाले. "मंग?"

"काल नव्हता!"

"काल पाह्यला कोनं?"

नवतारा म्हणजे जिथे काल काही दिसत नव्हते तिथे एकाएकी पेटलेला तारा. तो ज्याला आधी दिसतो, त्याचे नाव पुस्तकांत लागते. मी माझे मनातल्या मनात लिहून पाहिले. चांगले दिसत होते.

उजाडताच दमणीतून तारघर असलेल्या एका मोठ्या गावी गेलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथले फौजदार अजून नोकरीत आहेत. वेधशाळेसाठी मजकूर दिला: 'दक्षिणेस नवा तारा उगवला. ताबडतोब पाहावे.' तारमास्तरांनी मजकूर पाहिला, माझी टोपी पाहिली आणि मला बसायला सांगितले. 'चले जाव' चळवळीची धरपकड चालू होती. तारेऐवजी शिपाई आला आणि मला ठाण्यात घेऊन गेला.

"सच सांगा मास्तर," फौजदार म्हणाले, "हा नवा तारा कोन? कुठं लपून राह्यला?"

"आकाशात."

त्यांनी तसे लिहून घेतले.

"साहेब, पहाटे स्वतः पाहा. मी दाखवतो."

"लाखो तारे हायत वर. त्यातला कोनता काल नव्हता, हे मले कसं समजन?"

मला ठाण्यामागच्या खोलीत ठेवले. झुणका-भाकर फौजदारांच्या घरून आली, तिखट आणि उत्तम. खोलीला एकच खिडकी होती आणि ती उत्तरेकडे होती. पहाटे मी तिच्यापाशी उभा राहून ध्रुवतारा पाहिला. त्याच्यात काही फरक नव्हता.

दुपारी मोटारीने वर्तमानपत्र आणले. फौजदार ते हातात घेऊन धावतच आले.

"मास्तर, सुटले तुमी! तुमच्याआधी दुसऱ्यानंच पाह्यला!"

खरेच होते. समुद्रापलीकडे, दूर दक्षिणेतल्या देशात कोणाला तरी तो माझ्या आधी दिसला होता. चार ओळींची बातमी होती.

"खुशी नाही झाली का तुमाले?"

"झाली," मी म्हणालो. त्यांनी मागवलेला चहा तोंडाला लावला आणि तो गार होईपर्यंत कप तसाच हातात धरून बसलो.

परतीची मोटार सकाळची होती, म्हणून मुक्काम त्यांच्याकडेच केला. पहाटे त्यांनीच मला उठवले. "ज्याच्या पायी तुमाले बसवलं, तो दाखवा तरी."

आम्ही ठाण्याच्या ओट्यावर उभे राहिलो. मी बोट दाखवले.

"थो बारकासा?"

"परवा चांगला मोठा होता. आता विझत चाललाय."

त्यांना विझण्याचे कारण हवे होते. "काहून पन?"

"तिकडे तो कधीच विझला असेल. उजेडाला इथवर यायला शतकेच्या शतके लागतात."

फौजदारांनी विचार केला. "मंग ज्यानं पयला पाह्यला म्हन्तेत, थ्यालेबी उशीरच झाला."

मला हसू आले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

अमरावतीला सगळ्यांनी विचारले, भाऊबीज कशी झाली? चांगली झाली म्हणून सांगितले. आता मार्गशीर्ष लागला आहे आणि तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तरी पहाटे गच्चीवर जातो. परवा बायकोने विचारले, काही नसलेल्या जागेकडे इतका वेळ काय पाहता? मी तिला शेजारी उभे केले आणि जागा दाखवली. तिने नीट पाहिले, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "थंडी आहे, पण जरा वेळ थांबू."