अडीच मेंढरांचा डोस

डोंगरकड्याच्या शिवारात माझे मामा मेंढरं राखतात. आजारी मेंढराला सुई टोचायचं काम ते स्वतः करतात. आसपासच्या वस्त्यांवरूनही त्यांनाच बोलावणं येतं. वजनाचा अंदाज घ्यायचा, औषध भरायचं, टोचायचं. इतक्या वर्षांत हात बसला आहे.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम पिकली. मेंढरांच्या खुरांसाठी आणलेली औषधाची बाटली घरात होती. मामांनी तेच औषध सलग सहा दिवस स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं.

हे मला कळमनुरीच्या दवाखान्यात जाताना मोटारसायकलवर कळलं. मागे बसून ते मोठ्यानं ओरडत होते. आपण ओरडतोय हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

"कानात रातकिडे वरडून राहिले. बंदच न्हाई."

"कवापासून?"

"चौथ्या सुईपासून."

"औषध किती भरत होता?"

"अडीच मेंढरांचं. माझं वजन तेवढंच हाय. बराबर हिशेबानं घेतलंय."

"डॉक्टरांना सांगा मग."

"येडा का काय? लोकं म्हणतील, टोचता टोचता म्हातारा स्वतःलाच मेंढरू समजला. तू बी तोंड उघडू नको. शपथ हाय माझी."

मी बरं म्हणालो.

डॉक्टरांनी जखम दाबून पाहिली. "याआधी काही औषध? इंजेक्शन?"

प्रश्न डॉक्टरांना दोनदा विचारावा लागला.

"हळद लावली व्हती," मामा म्हणाले.

"ऐकायला कमी येतं का?"

"वय झालं साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांच्या टाचेकडे बघत राहिलो. त्यांनी कागदावर लिहिलं, पाच दिवस इंजेक्शन, पहिलं आत्ताच. सिस्टरनं बाटलीचं झाकण काढलं, सुई आत घातली, औषध ओढून घेतलं. मामांनी बाही वर केली. कापसाचा बोळा दंडावर फिरला.

"थांबा," मी म्हणालो. "यांनी सहा दिवस मेंढरांचं इंजेक्शन घेतलंय. तेव्हापासून कान वाजतोय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

"कोणतं इंजेक्शन?"

नाव कुणालाच माहीत नव्हतं. मी मामीला फोन लावला आणि बाटलीचा फोटो पाठवायला सांगितलं. पहिल्या फोटोत फक्त तिचा अंगठा आला. दुसरा अंधारात काढलेला होता. सिस्टर भरलेली सुई हातात धरून उभी होती. तिसऱ्या फोटोत बाटलीवरचं गाय-मेंढीचं चित्र आणि खाली बारीक अक्षरं दिसली. डॉक्टरांनी ती मोठी करून वाचली.

"ठेवा ती सुई," ते सिस्टरला म्हणाले. मग मामांच्या जवळ जाऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलले. "तुम्ही घेतलं ते आणि मी देत होतो ते, एकाच जातीचं औषध. कानाच्या आतल्या भागाला इजा करतं. मूत्रपिंडालाही. आत्ता दिलं असतं तर उरलेलं ऐकू येणंही बंद झालं असतं."

"मग हे रातकिडे?"

"कमी होतील किंवा होणार नाहीत. जे ऐकू येईनासं झालंय ते परत येईलच असं सांगता येत नाही. आहे ते टिकवायचं."

त्यांनी रक्ताची आणि कानाची तपासणी लिहिली आणि जखमेसाठी दुसऱ्या गोळ्या दिल्या. मामा उठले नाहीत.

"साहेब, मेंढराच्या कानात बी असंच वाजत असंल का?"

"असेल. मला माहीत नाही."

परतीच्या वाटेवर मामा माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नांदेडला कानाची तपासणी झाली. बंद काचेच्या खोलीत त्यांना बसवून हेडफोन लावला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, म्हणजे बाहेर दिवा लागतो. तपासणाऱ्या मुलीनं यंत्र अजून सुरूही केलं नव्हतं, तरी बाहेरचा दिवा लागला. तो विझेना.

तिनं दार उघडलं. "आजोबा, अजून आवाज सोडलाच नाही."

"मग हा कोणाचा हाय?" मामा म्हणाले. त्यांचा अंगठा बटणावरच होता.

"तुमचा. तो सोडून दुसरा आला की दाबा."

त्यांनी डोळे मिटले. दार लागलं. बारीक, किनऱ्या आवाजांना दिवा एकदाही लागला नाही. जाड आवाजांना लागला, उशिरानं. महिन्याभरानं तपासणी पुन्हा केली. मुलीनं दोन्ही तपासण्यांचे कागद शेजारी शेजारी धरले. ऐकू येण्याची रेघ होती तिथेच होती, आणखी खाली उतरली नव्हती.