गप्प बसलेले सगळे आपले

निवडणुकीत आपटलेल्या माणसाने सरळ सांगलीला माझ्या व्याह्यांकडे जावे. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ते त्याला निवडून आणतात. मतांचा अर्थ लावणे हे त्यांचे व्यसन. मुलांच्या लग्नात गोडाला काय करायचे, यावर दोन्ही घरांनी हात वर करून मते दिली. सगळे श्रीखंडाला, हे एकटे बासुंदीला. "पण पाव्हणं, बासुंदी नको असं कोण म्हणालं?" असे मला विचारून त्यांनी आचाऱ्याला दूध आटवायला बसवलेसुद्धा! ती पातेलेभर उरली, तेव्हा पाहुण्यांनी आपल्यासाठी राखून ठेवली, असा अर्थ निघाला.

विश्रामबागेतल्या एका छोट्या कंपनीत ते गावोगावच्या दूध संस्थांचे सॉफ्टवेअर सांभाळत. जुने व्हर्जन त्यांनीच ऐन तारुण्यात लिहिलेले. कुठे अडले की संस्थेचे सचिव थेट यांना फोन करत, आणि हे भरल्या ताटावरून उठून तो घेत. अलीकडे फोन कमी झाले, तर सॉफ्टवेअर आता निर्दोष झाले म्हणून ते खूश! यंदा कंपनीने संस्थांची मोबाईलवर मते मागवली: जुन्या व्हर्जनचा सपोर्ट वाढवायचा की थांबवायचा? थांबला की यांचे कामही संपणार होते. निकालात 'थांबवा' म्हणणारे बरेच निघाले, 'वाढवा' म्हणणारे तुरळक, आणि बहुतेकांनी मतच दिले नव्हते. व्याह्यांचा चेहरा उजळला. "संस्थेच्या सभेत गप्प बसला त्याची मंजुरी धरतात. हे गप्प बसलेले सगळे आपले!" यावर मालक काही बोलले नाहीत, तीही मंजुरीच धरली गेली. तरी एका सचिवाच्या तोंडून ऐकावे, म्हणून ते मला घेऊन कोयनानगरकडच्या एका गावी निघाले. मला आधीपासूनच धास्ती वाटत होती.

सचिवांनी चहा मागवला, घरची चौकशी केली. विषय निघताच मात्र ते खाली बघू लागले.

"आवं साहेब, नवं व्हर्जन आमी कवाच बसवलंय. लय सोपं हाय. मत द्यायचं तर 'थांबवा' असंच द्यायला पायजे हुतं. पर तुमच्या इरोधात बोट दाबवंना, म्हणून दिलंच न्हाई. समद्यांचं तसंच झालंय."

व्याह्यांनी चहा संपवला, सचिवांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. परतीच्या वळणावळणांच्या रस्त्यावर ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, लोकांचा जीव आहे माझ्यावर. असाच अर्थ होतो ना याचा?"

"होय," मी म्हणालो. मला फार वाईट वाटत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मतांचा अर्थ बरोबर लावला होता, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.